सरकारचे जावई

मार्च-एप्रिल म्हणजे आम्हा टॅक्स भरून देणाऱ्यांची लगीनघाई. परवा इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, माझ्या टेबलासमोर एक ओळखीचे काका बसले होते. कागदांची पिशवी उपडी करत म्हणाले, "आपण मरमर मरायचं आणि त्या लोकांनी बसून खायचं."

"कुठल्या लोकांनी, काका?"

"अगं, तुला कळतंय."

कळतंयच, तीच तर मेख आहे. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत फिरले: ८० नावं, ३० पत्ते, वर्षाला दीड लाख डॉलर, तेही बिनटॅक्सचे. 'वेल्फेअर क्वीन', म्हणजे सरकारी मदतीवर ऐश करणारी बाई, हा शब्द तिथून घरोघरी गेला. गोष्टीत 'काळी' हा शब्द कुठेच नव्हता, पण ऐकणाऱ्याला रंग दिसायचा. बाई लबाड होतीच म्हणा. पण १९७७ मध्ये कोर्टात शाबीत झालेला सरकारी मदतीचा घोटाळा होता साधारण ८ हजारांचा. आणि रेगनच्या व्हाइट हाउसमधल्या ली अॅटवॉटर या राजकीय सल्लागारानं १९८१ मध्ये एका अभ्यासकाला सगळं उलगडूनच सांगितलं. आधी काळ्यांना उघड शिवी चालायची, मग ती अंगाशी यायला लागली, मग 'राज्यांचे हक्क' असले आडवळणाचे शब्द आले, आणि आता आपण नुसतं टॅक्स कमी करण्याबद्दल बोलतो. आज फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट गोऱ्यांचा आहे, पण काकांच्या डोळ्यांसमोर तो येत नाही.

काकांना मी काय बोलणार? सांगलीला हॉस्टेलवर असताना स्कॉलरशिप मिळणाऱ्या मैत्रिणीला आम्ही 'सरकारची जावई' म्हणायचो. जात कुणी उच्चारायचं नाही, कळायची सगळ्यांना. तीही हसायची. माझी ईबीसीची, म्हणजे कमी उत्पन्नावरची, फीमाफी होती. बाबांच्या उत्पन्नाचा दाखला घेऊन मी तिच्याच मागे, त्याच खिडकीपाशी रांगेत उभी असायचे. मला कुणी जावई म्हटलं नाही. म्हणजे तेव्हा हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. सुचलं ते इथे, पहिल्यांदा 'ते लोक' ऐकल्यावर.

काकांचा १०४०, म्हणजे टॅक्सचा फॉर्म, अर्धा झाला होता. ते पुढे वाकून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "घरकर्जाचं व्याज वजा करायचं राहू देऊ नकोस हं. सरकार देतंय तर सोडायचं कशाला?"

"बँकेचा १०९८ काढा, व्याजाचा फॉर्म," मी म्हटलं.

काका पिशवीत शोधायला लागले.