आमची वाटचाल : हेल्परची मजुरी आणि अप्रेंटिसचे विद्यावेतन

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आमचा टर्निंग आणि मिलिंगचा, म्हणजे यंत्रावर धातू कापून भाग घडवण्याचा, छोटा कारखाना आहे. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी आम्ही बुश, पिन, स्पेसर आणि लहान शाफ्ट असे धातूचे छोटे भाग तयार करतो. भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर सुरू झालेले हे काम आता संगणकाने चालणाऱ्या सीएनसी आणि व्हीएमसी यंत्रांवर चालते, तरी कामगारांची संख्या अजूनही तीसच्या आतच आहे. कर्ज, यंत्रखरेदी, मंदी, थकलेली बिले हा भाग आमच्यासारख्या प्रत्येक लघुउद्योजकाच्या वाट्याला सारखाच येतो, म्हणून तो विस्ताराने लिहीत नाही. लिहावेसे वाटते ते आमच्याकडे शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) म्हणून आलेल्या आणि इथून कमावते होऊन बाहेर पडलेल्या वस्त्यांमधील मुलामुलींविषयी, कारण कारखान्याला आज जो आकार आला आहे तो बराचसा त्यांच्यामुळे आला आहे.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमबदलानंतर तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि चार ते एकोणतीस मनुष्यबळाच्या आस्थापनांसाठी ते ऐच्छिक राहिले. म्हणजे आमच्यावर कसलीही सक्ती नव्हती. आम्ही या वाटेने गेलो ते गरजेपोटी. नाशिकमध्ये तयार झालेला चांगला सेटर, म्हणजे कामासाठी यंत्र जुळवून देणारा कारागीर, काही दिवसांत मोठ्या कंपनीत किंवा पुण्याला चाकणकडे जातो आणि लहान कारखान्याला त्याला पगाराच्या बळावर थांबवून ठेवता येत नाही. तेव्हा माणसे बाहेरून शोधण्यापेक्षा आपल्याच गाळ्यात घडवावीत, असे आम्ही ठरवले. गंजमाळ, फुलेनगर, वडाळा गाव आणि सातपूरच्या आसपासच्या कामगार वस्त्यांमधील मुले आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्टचा अभ्यासक्रम पूर्ण करून दरवर्षी बाहेर पडत होती आणि त्यातील कितीतरी जण यंत्राला हात न लावता गोदामात खोकी उचलताना आम्हाला दिसत होते.

ही मुले खोकी का उचलतात, याचे उत्तर समजल्याशिवाय त्यांना शिकवण्याची भाषा करण्यात अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे. २०१९ च्या नियमांनी आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये आणि केवळ दहावी झालेल्याचे ६,००० रुपये ठरवले. कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून उभा राहिलेला त्याच वयाचा मुलगा ओव्हरटाइम धरून यापेक्षा बरेच जास्त घरी नेतो. शिकाऊ उमेदवाराला मात्र शिकाऊ उमेदवारी सल्लागार या शासकीय अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम देता येत नाही. त्यात द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरी खुली होते, लग्नसराईत केटरिंगचे काम मिळते, आणि २०१५ च्या सिंहस्थात तर तपोवनाच्या बाजूला रोजचे काम रोज हाती येत होते. ज्या घरात आईच्या धुण्याभांड्यांच्या पैशांवर भाडे आणि किराणा निघतो, त्या घराला वर्षभरानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा या शनिवारी मिळणारी रोकड जवळची वाटते आणि त्यात त्या घराची काहीही चूक नाही. मुलांमध्ये चिकाटी नाही, अशी तक्रार उद्योजकांच्या बैठकांमध्ये वारंवार ऐकू येते. ती मला पटत नाही, कारण हीच मुले रणरणत्या उन्हात स्लॅब भरायला पहाटेपासून उभी असतात.

म्हणून आम्ही सर्वात आधी त्या तफावतीकडे लक्ष दिले. विद्यावेतन नियमापेक्षा थोडे अधिक ठेवले, बसचा मासिक पास कारखान्याकडून दिला आणि दुपारचे जेवण सुरू केले. केंद्र शासनाच्या २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत किमान विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये, शासन उचलते, त्यामुळे लहान कारखान्यालाही हा खर्च पेलणे शक्य होते. तरीही पहिले तीन महिने नाजूक असतात. मुलगा सलग दोन दिवस आला नाही तर आमच्याकडील एखादा जुना ऑपरेटर, शक्यतो त्याच भागात राहणारा, संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन येतो. कधी घरात आजारपण असते, कधी भाडे थकल्याने खोली रिकामी करावी लागलेली असते, आणि कधी धाकट्या बहिणीच्या शाळेच्या शुल्कासाठी मुलगा चार दिवस नाक्यावर उभा राहिलेला असतो. कारण कळले की बहुतेक वेळा मार्ग निघतो.

शिकवण्याच्या बाबतीत कायद्यातील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. शिकाऊ उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादनाच्या बोनस योजनेतही घेता येत नाही. याचा अर्थ किती नग काढले हा प्रश्न त्याला वर्षभर कोणी विचारू नये. आमच्याकडे पहिले काही आठवडे त्याला यंत्र चालवायला दिले जात नाही. तो तपासणीच्या टेबलावर बसतो, ०.०२ मिलिमीटर वाचणारे व्हर्नियर आणि ०.०१ मिलिमीटर वाचणारा मायक्रोमीटर हातात घेतो आणि तोच बुश पुन्हा पुन्हा मोजून आपले माप इन्स्पेक्टरच्या मापाशी ताडून पाहतो. आयटीआयमध्ये ही उपकरणे त्याने पाहिलेली असतात, पण मायक्रोमीटर किती आवळायचा, कापून नुकताच निघालेला जॉब (यंत्रावर घडवलेला नग) गरम असताना का मोजायचा नाही, कडेला राहिलेली बर (धातूची बारीक कोर) मापाला कशी फसवते, हे हाताला सवय झाल्याशिवाय येत नाही. त्यानंतर ड्रॉइंग वाचणे, मग साध्या लेथवर फेसिंग आणि टर्निंग, मग सीएनसीवर इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) बदलणे आणि ऑफसेट (मापातली दुरुस्ती) देणे, असा क्रम आम्ही ठेवला आहे. साधी लेथ जुनी झाली म्हणून विकून टाका, असा सल्ला अनेकांनी दिला, पण हत्यार धातूला कसे कापते हे बंद दाराच्या यंत्रात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती आम्ही शिकवण्यासाठी राखून ठेवली आहे.

हस्तकौशल्याइतकाच महत्त्वाचा बदल कागदांवर आणि माणसांत घडतो. नोंदणीसाठी आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँक खाते लागते आणि अनेकांच्या बाबतीत या तिन्ही ठिकाणी नाव किंवा जन्मतारीख निरनिराळी निघते. ती दुरुस्त करून घेण्यासाठी आमच्या कार्यालयातील ताई मुलांना सोबत घेऊन बसतात. करारावर स्वतःची सही, स्वतःच्या खात्यात जमा होणारे पैसे, आणि काम करताना इजा झाली तर कायद्याने मिळणारी नुकसानभरपाई, या गोष्टी ज्या घरात आजवर कोणाला मिळालेल्या नाहीत, तिथे त्यांचे वजन फार मोठे असते. शिवाय आठ तास तो अशा मोठ्या माणसांमध्ये असतो जी त्याला नावाने ओळखतात, चुकल्यास सांगतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काम देतात. वडाळा गावातील एक मुलगा सुरुवातीला रिजेक्ट झालेला जॉब खिशात लपवत असे. त्याच्या शेजारच्या टर्नर काकांनी त्याला सर्वांसमोर न बोलता, प्रत्येक बिघडलेला जॉब आणून दाखव, तो का बिघडला ते आपण दोघे मिळून शोधू, असे सांगितले. तो मुलगा आज आमच्याकडे सेटर आहे आणि नव्या मुलांचे रिजेक्शन तोच तपासतो.

मुलींच्या बाबतीत आम्ही उशिरा पण निश्चयाने पुढे गेलो. पंचवटीतील एका आईने भेटीत पगाराविषयी एक शब्दही काढला नाही, मुलगी संध्याकाळी किती वाजता घरी पोहोचेल एवढेच विचारले. त्यामुळे मुलींना आम्ही पहिल्याच पाळीत ठेवतो, स्वतंत्र स्वच्छतागृह आधी बांधले आणि मगच पहिली भरती केली. तपासणी विभाग आता बहुतांशी त्यांच्याच हाती आहे आणि ग्राहकाकडून परत येणारा माल तेव्हापासून लक्षणीय कमी झाला आहे.

वर्ष संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झालेल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर उमेदवाराला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही आणि आम्हालाही सर्वांना ठेवून घेता येत नाही. काही जण आमच्याकडे राहतात, काही अंबडला किंवा सिन्नरला जातात, काही मोठ्या कंपनीत शिरतात. शिकवून तयार केलेला माणूस गेला तर नुकसान होते, असे मानणारे उद्योजक मला भेटतात, पण आमच्याकडून गेलेल्यांपैकी दोघांनी आपल्या नव्या कारखान्यांतून आम्हाला काम मिळवून दिले आहे, आणि ज्या वर्षी आम्हाला अचानक माणसे कमी पडली त्या वर्षी जुन्याच मुलांनी आपल्या वस्तीतून ती आणून दिली.

येत्या भरतीसाठी आम्ही शेजारच्या तीन लहान कारखान्यांशी बोलणे केले आहे. मोजमापाचे आणि ड्रॉइंग वाचनाचे सुरुवातीचे आठवडे आमच्याकडे एकत्र घ्यायचे, वेल्डिंग आणि फिटिंगसाठी आमच्या मुलांना त्यांच्याकडे काही दिवस पाठवायचे आणि बसपास व जेवणाचा खर्च मनुष्यबळाच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असे ठरत आहे. तीसपेक्षा कमी माणसांच्या ज्या कारखान्यांना एकट्याने एखादाही उमेदवार घेणे अवघड वाटते, त्यांनी आयटीआयचे निकाल लागण्यापूर्वी आमच्याकडे चौकशी करावी. टेबल, उपकरणे आणि शिकवणारे काका तयार आहेत.