नॉवू: मिसिसिपीकाठचं गाव आणि ते चालवणारे आजी-आजोबा

आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले, की शिकागो डाउनटाउन, ऑरोराचं बालाजी मंदिर आणि नायगारा उरकल्यावर पुढे काय दाखवायचं, हा प्रश्न इकडच्या मराठी घरांत हमखास पडतो. शिकागोच्या आसपास राहत असाल तर माझं उत्तर नॉवू. इलिनॉयच्या पश्चिम टोकाला, मिसिसिपीच्या मोठ्या वळणावर जेमतेम हजार वस्तीचं हे गाव आहे. मॉर्मन या अमेरिकेत निघालेल्या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासात त्याचं स्थान मोठं. 1840 च्या दशकातली विटांची घरं, लोहारशाळा, छापखाना, बेकरी असं सगळं तिथे दुरुस्त करून किंवा नव्याने बांधून ठेवलंय. ते बघण्यासारखं आहेच. पण मी 'जा' म्हणते ते घरांपेक्षा ती घरं रोज उघडणाऱ्या, झाडणाऱ्या आणि दाखवणाऱ्या निवृत्त जोडप्यांसाठी.

इतिहास थोडक्यात सांगते, नाहीतर तिथे काहीच लागत नाही. मिझुरी राज्यातून हाकलून दिलेले मॉर्मन लोक 1839 मध्ये इथे आले. दलदलीची जागा होती, हिवतापाने पहिल्या वर्षी पुष्कळ माणसं गेली. चर खणून पाणी काढलं आणि पाच-सहा वर्षांत दहा हजारांच्या वर वस्तीचं शहर उभं केलं, त्या काळच्या शिकागोच्या तोडीचं. 27 जून 1844 ला पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्यांचे भाऊ हायरम यांना जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घातल्या. फेब्रुवारी 1846 पासून लोक भर थंडीत नदी ओलांडून पश्चिमेला निघाले. मागे राहिलेलं त्यांचं देऊळ 1848 मध्ये कुणीतरी जाळलं आणि उरल्यासुरल्या भिंतींपैकी काही 1850 च्या वादळात पडल्या. नंतर आलेल्या फ्रेंच आणि जर्मन लोकांनी द्राक्षं लावली, वाइन केली. मॉर्मन लोकांनी गावाची डागडुजी पद्धतशीरपणे सुरू केली ती 1962 मध्ये. टेकाडावर पांढरंशुभ्र दिसतं ते देऊळ जुन्याच नमुन्यावर बांधलेलं, 2002 चं.

आता मुद्द्याचं.

व्हिजिटर सेंटरच्या दारातच लांब घागरा, त्यावर एप्रन आणि डोक्याला बॉनेट अशा वेशात पासष्टीच्या एक बाई उभ्या होत्या. छातीवर काळी नावाची पट्टी, त्यावर 'सिस्टर' आणि आडनाव. घागऱ्याखाली मात्र जाड तळव्याचे चालायचे बूट. आईची नजर पहिल्यांदा बुटांवर गेली. दिवसभर उभं राहायचं तर दुसरं काय घालणार! पुरुष बंडी आणि टोपीत, त्यांच्या पट्टीवर 'एल्डर'. हे सगळे पगाराशिवाय काम करतात, एवढंच नाही तर राहण्या-जेवण्याचा खर्चही आपल्या पेन्शनमधून करतात. मुलं मार्गी लागली की जोडप्याने चर्चकडे अर्ज करायचा. सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिने देता येतात. आपली पसंती कळवता येते, पण कुठे जायचं ते चर्च ठरवतं आणि तसं पत्र येतं. घर बंद करायचं किंवा मुलांच्या ताब्यात द्यायचं, गाडी भरायची आणि निघायचं.

बेकरीतल्या सिस्टरने आम्हाला तिचा दिवस सांगितला. सकाळी दारं उघडायच्या आधी सगळे एकत्र जमतात, प्रार्थना होते, सूचना होतात, कुणाची ड्यूटी कुठे ते कळतं. आज बेकरी, उद्या छापखाना, परवा एखाद्या पुढाऱ्याचं घर. नवरा-बायको बहुतेक वेळा बरोबरच असतात. कुलूप उघडायचं, धूळ पुसायची, अंगण झाडायचं आणि वाट बघायची. कधी बस भरून माणसं येतात आणि बोलून बोलून घसा बसतो, तर कधी तासभर चिटपाखरू नसतं. संध्याकाळी काहींना नाटक असतं. 'रॉन्देव्हू' नावाचा एक गाण्यांचा विनोदी खेळ हीच मंडळी करतात आणि आयुष्यात कधी स्टेजवर न गेलेले आजोबा त्यात बेधडक नाचतात. आठवड्यातला एक दिवस स्वतःचा: कपडे धुणं, नदीपलीकडे फोर्ट मॅडिसन किंवा किओककला जाऊन आठवड्याचं वाणसामान आणि घरच्यांशी निवांत व्हिडिओ कॉल. हिवाळ्यात पाहुणे रोडावतात. मग वेश शिवणं-दुरुस्त करणं, नव्या लोकांना शिकवणं, गुराढोरांचं बघणं. हो, गुरं आहेत. बैलगाडीची फेरी मारतात, आणि हाकणारेही यांच्यातलेच.

लोहारशाळेत आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण बाबा. आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेला माणूस. भाता, ऐरण, सांडशी बघितल्यावर तिथून हलेना. एल्डरनी नाल तापवून, ठोकून आकार दिला. बाबांना ठोक पटला नाही. "लोखंड थंड व्हायला लागलंय, परत भट्टीत घाला म्हणावं," असं मला मराठीत सांगत राहिले. मी तसं सांगितल्यावर एल्डर हसले आणि त्यांनी भात्याचा दांडा सरळ बाबांच्या हातात दिला. मग कळलं, की ते युटामधले निवृत्त दंतवैद्य. लोहारकाम इथे येऊन शिकले. "चिमटा तेव्हाही हातात असायचा, फक्त समोरचा ओरडायचा," म्हणाले. निघताना नालेच्या खिळ्याची वाकवून केलेली अंगठी देतात, फुकट. बाबांनी ती करंगळीत घातली.

आईचा प्रश्न वेगळा होता आणि तो विचारल्याशिवाय ती बेकरीतून बाहेर पडणार नव्हती. "यांना नातवंडं किती, विचार." बरीच होती, दोन आकडी. "मग ती कोण सांभाळतं?" सिस्टर क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "त्यांचे आई-वडील." आईने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी पुढचं भाषांतर टाळलं. आमच्याकडे आजी-आजोबा साता समुद्रापार येतात ते बहुधा नातवंडासाठीच. इथे आजी-आजोबा नातवंडं सोडून दुसऱ्या राज्यात झाडू मारायला आलेले. चांगलं-वाईट मी ठरवत नाही, पण गाडीत हाच विषय चालला. आईला शेगाव आठवलं. गजानन महाराज संस्थानात प्रत्येकाला 'माउली' म्हणत रांग लावणारे, ताटं उचलणारे सेवेकरी आपण सगळ्यांनी बघितलेत. तीच नम्रता, तीच टापटीप. फरक एवढाच, की ते पाळी लावून काही दिवस येतात आणि ही मंडळी वर्ष-दीड वर्ष बिऱ्हाड करून राहतात.

दोघांना एकत्र कसं काय वाटतं, असं मी एका जोडप्याला विचारलं. चाळीस वर्षं तो सकाळी कामावर जायचा, संध्याकाळी यायचा. आता चोवीस तास एकमेकांसमोर. "पहिले दोन महिने अवघड," बाई म्हणाल्या. नवरा मान डोलावत होता. त्यांना असं काही विचाराच. घरातल्या टेबलाचं लाकूड कुठलं, याची उत्तरं पाठ असतात. स्वतःबद्दल विचारलं की माणूस खुलतो.

धर्मांतराचा आग्रह करतात का, हे सगळे विचारतात. प्रत्येक घरात शेवटी श्रद्धेची दोन वाक्यं येतातच, कारण त्यांच्या लेखी हे धर्मकार्य आहे. कुणी पुस्तक देऊ का विचारेल, कुणी फोन नंबर हवा का विचारेल. 'नो, थँक यू' म्हटलं की विषय तिथेच संपतो. आमच्याशी तरी कुणी ताणलं नाही. टेकाडावरच्या देवळात मात्र फक्त त्यांच्या पंथाच्या पात्र सभासदांनाच प्रवेश आहे. आवारात आपण खुशाल फिरावं. भिंतीवरचे मानवी चेहऱ्याचे दगडी सूर्य जवळून बघा. जुन्या देवळात असे तीस होते, त्यातला एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवून जा. घरोघरी ऐकू येते ती छळाची आणि धीराची कथा, आणि ती खरी आहे. पण जोसेफ स्मिथ शहराचे महापौर असताना, जून 1844 मध्ये, त्यांच्यावर टीका करणाऱ्या 'नॉवू एक्सपॉझिटर' या वर्तमानपत्राचा छापखाना नगरपालिकेच्या हुकमाने मोडला गेला आणि त्यातून अटकेचं प्रकरण पेटलं, हेही तितकंच खरं. बहुपत्नीत्वाचा प्रश्नही याच गावातला. मी छापखान्यात दोन्ही विचारलं. एल्डरनी टाळाटाळ न करता उत्तर दिलं. त्यांच्या चर्चनेही जोसेफ स्मिथ यांचे अनेक विवाह अधिकृतपणे मान्य केलेत. आपणहून कुणी सांगेलच असं नाही, म्हणून विचारा. कार्थेजचा तुरुंग साधारण चाळीस किलोमीटरवर आहे आणि तिथेही असंच जोडपं माहिती देतं. वरच्या खोलीच्या दारात गोळीचं भोक अजून आहे. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा.

आता जाणाऱ्यांसाठी. शिकागोहून गाडीने साडेचार तास धरा. गेल्सबर्गपर्यंत चांगला हायवे, पुढे मका आणि सोयाबीनमधून दुपदरी रस्ते. पेट्रोल आणि बाथरूम दोन्ही गेल्सबर्गलाच उरकून घ्या. अ‍ॅमट्रॅकची शिकागोहून येणारी गाडी नदीपलीकडे फोर्ट मॅडिसनला थांबते, पण तिथून पुढे टॅक्सीच्या भरवशावर राहू नका.

सगळं फुकट आहे. तिकीट नाही, दानपेटी नाही, टिप कुणी घेत नाही. स्मिथ कुटुंबाची घरं आणि लाल विटांचं दुकान पूर्वी दुसऱ्या एका पंथाकडे होतं. मार्च 2024 मध्ये ते मॉर्मन चर्चने विकत घेतलं, त्यामुळे तिथेही आता पैसे पडत नाहीत. बैलगाडी आणि घोडागाडीच्या फेऱ्यांना मात्र नाव नोंदवावं लागतं. गेल्या गेल्या व्हिजिटर सेंटरमध्ये ते काम करा, मग बाकीचं ठरवा. जुलैत मोठे कार्यक्रम असतात आणि तरुण कलाकारही सेवेला येतात. रंगत खूप, पण गर्दी आणि दमट उकाडाही तसाच. आजी-आजोबांशी निवांत बोलायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर गाठा. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुमारास गावात द्राक्षांची जत्रा भरते, तेव्हा खोली आधीच बघा. जानेवारीत किओककच्या धरणाखाली गरुड जमतात, पक्षीवेड्यांना ती वेळ बरी.

गुडघे दुखणाऱ्यांना सगळी घरं झेपणार नाहीत, जिने अरुंद आणि चढे आहेत. लोहारशाळा, बेकरी आणि दोर वळणं, मेणबत्त्या, विणकाम दाखवणारं फॅमिली लिव्हिंग सेंटर एवढं धरलं तरी दिवस सार्थकी लागतो. संध्याकाळी पार्ली स्ट्रीटने नदीपर्यंत चाला, निघून गेलेल्या लोकांच्या डायऱ्यांतले उतारे वाटेत पाट्यांवर आहेत. डासांचा स्प्रे लागतोच.

खाण्याचं. हे लोक चहा-कॉफी पीत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जागेत कुठे चहा मिळेल ही आशा सोडा. गावातल्या हॉटेलांत कॉफी मिळते, पण आपल्या चहासाठी केटल आणि चहा-मसाला बरोबर असू द्या. शाकाहारी असाल तर थेपले, चटणी, दशम्या न्या. गावात सॅलड आणि बटाटा यापलीकडे फार पर्याय नाहीत. बेकरीत देतात ती आल्याची बिस्किटं चांगली, पण अंडं चालत नसेल तर खाण्याआधी विचारा. परतीला आयोवातून वळसा घालणार असाल तर फेअरफिल्डला महर्षी महेश योगींचं विद्यापीठ आहे, तिथे शाकाहारी जेवणाची अडचण येत नाही.

त्या बाजूने गेलात तर इलिनॉयकडच्या नायोटाहून फोर्ट मॅडिसनला नेणारा 1927 चा दुमजली पूल लागतो. खालून आगगाडी, वरून मोटारी, आणि बार्ज (मालवाहू नौका) आली की पुलाचा एक भाग आडवा फिरतो. मग अर्धा तासही थांबावं लागू शकतं, तेव्हा ट्रेन किंवा विमान गाठायचं असेल तर तेवढा वेळ हाताशी ठेवा. बाबांना मात्र पूल फिरताना बघायला मिळाला नाही म्हणून वाईट वाटलं.