तुम्ही विचारलंत म्हणून : आठ पोरांना एकच गोष्ट कशी पुरते?

पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. घरात तीन भावांची मिळून आठ पोरं, धाकटा दोन वर्षांचा, थोरला तेरा पूर्ण, मे महिन्यात नणंदेची तीन आली की अकरा, आणि सगळ्यांना रात्री गोष्ट पाहिजेच.

खरं सांगू का, आधी मी फार शहाणपणा केला. लहानांना चिऊकाऊ, मधल्यांना अकबर-बिरबल, मोठ्यांना बालभारतीचं 'किशोर' वाचून, अशा तीन बॅचेस. साडेअकरा वाजायचे आणि पेंगायची कोण तर मी. आत्या (सासूबाई, आमच्यात आत्याच म्हणतात) एकदा गोधड्या घालता घालता म्हणाल्या, अगं एकच सांग की, पण प्रत्येकाला त्यात काम दे.

झालं, तेव्हापासून भोपळ्यातली म्हातारी. लेकीकडे जाऊ दे, तूपरोटी खाऊ दे, जाडजूड होऊ दे, मग मला खा, हे मधल्या चौघांनी एका सुरात म्हणायचं, टुणूक टुणूक धाकट्याचं, त्याला ते नीट येत नाही, तो तुनू तुनू करतो आणि चुकीच्या जागी करतो, तरी भोपळा तिथं पळवायचाच असा नियम. कोल्हा होण्यावरून भांडणं होतात म्हणून आमच्या गोष्टीत कोल्हे दोन. मांडी धाकट्याची, बाकीच्यांनी माझ्या पाठीला पाळीपाळीने टेकायचं, त्यावरून पण कुरबुर असतेच, मी लक्ष देत नाही.

थोरला सुरुवातीला मोबाईल घेऊन कोपऱ्यात. त्याला वाघ केलं तर म्हणे, मी काय लहानंय का. मग दोन दिवसांनी तिकडूनच प्रश्न, भोपळ्यात म्हातारी श्वास कशी घेते? आत्यांनी अंधारातूनच सांगितलं, देठापाशी भोक ठेवलं होतं. मग भोक कुठल्या बाजूला, भोपळा गडगडताना ते खाली आलं तर काय, यावर अर्धा तास वाद, त्यात तो कधी वाघ झाला कळलंच नाही. आता डरकाळी इतकी जोरात फोडतो की शेजारचं कुत्रं भुंकतं.

शेवटापर्यंत जागं कोणी राहत नाही म्हणा. धाकटा तर म्हातारी लेकीच्या दारात पोचली की झोपतोच, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सांग म्हणतो. त्याच्या हिशेबाने ती अजून तिथंच तूपरोटी खातीये, भोपळ्यात बसलेलीच नाही.