कोजागरीच्या रात्रीचा कोनॅन

मी सिनेमा-मालिकांची मराठी सबटायटल्स करते. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं, ते दोन ओळींत बसवायचं आणि पडद्यावरून जायच्या आत वाचून होईल इतकं आखूड करायचं, हे माझं काम. त्यामुळे नवी ओळख झाली की माणसं हमखास विचारतात, "मग तुमचा आवडता सिनेमा कुठला?" समोरचा एखादं इराणी नाहीतर जपानी नाव ऐकायच्या तयारीत असतो. मी म्हणते, 'कोनॅन द बार्बेरियन'. १९८२ चा. आर्नल्ड श्वार्झनेगरचा.

आधी हसू येतं, मग खरा प्रश्न येतो. "ताई, तुम्हाला असले पिक्चर कसे काय आवडतात? त्या तलवारी, ते जादूगार, मोठाले साप, उघडेबंब पैलवान..." यावर आजवर मी "लहानपणीची आठवण हो" म्हणून वेळ मारून नेलीय. ते खोटं नाही. पण लहानपणी मी बरंच काही पाहिलं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त आज पाच मिनिटंही बघवत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

१९८७ ची कोजागरी. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी मोठ्या काकांनी भाड्यानं कलर टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. हातगाडीवरनं, गोधडीत गुंडाळून. सोबत तीन कॅसेटी: एक हिंदी, एक मराठी, आणि तिसरी व्हिडिओ सेंटरच्या पोरानं "भारी मारामारी हाय" म्हणून वरनं टाकलेली. हिंदीला अंगण भरलेलं होतं. मराठीला निम्मं उरलं. तिसरी लावली तेव्हा दोन वाजून गेले असतील. दुधाच्या पातेल्याच्या तळाला नुसती चारोळी राहिली होती. जागे होतो आम्ही चार पोरं, दहावीतला चुलतदादा, आणि म्हातारपणी झोप उडालेले आबा.

मी पाचवीत होते. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणजे ऑक्टोबरात आमची गाडी जेमतेम 'धिस इज अ पेन'पर्यंत पोचलेली. दादाला इंग्रजी येतं असा घरात समज होता आणि तो मोडायची त्याची इच्छा नव्हती.

कॅसेट झिजलेली. खालून एक पांढरी पट्टी वर सरकायची, अंधार आला की मुंग्या. दादा गुडघ्यावर बसून ट्रॅकिंगची चाकी फिरवत होता. पडद्यावर आधी तलवार घडताना दिसली: तापलेलं लाल पोलाद, हातोडा, ठिणग्या, आणि अंगणातल्या भांड्यांना कंप सुटेल असे ढोल. मग डोंगरमाथ्यावर एक बाप पोराला तलवार दाखवून काहीतरी सांगतोय. आम्ही दादाकडे बघितलं. दादानं घसा खाकरला. "ही पणजोबांची तलवार. विकू नको म्हणतोय. अडचण आली तरी विकायची न्हाई." आम्हाला पटलं. आबांनाही पटलं असावं, कारण ते "बरोबर हाय" म्हणाले. आमच्याकडे तेव्हा भावकीत एका जमिनीवरून चाललंच होतं.

मग बर्फातून घोडेस्वार येतात. गाव जाळतात, बापाला मारतात. आई एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात पोराचा हात धरून उभी राहते. टोळीचा म्होरक्या तिच्यासमोर येऊन शिरस्त्राण काढतो आणि नुसता बघतो. बराच वेळ बघतो. तिची तलवार हळूहळू खाली येते. तो पाठ फिरवतो, आम्हाला वाटलं सोडलं, आणि वळताना वार करतो. वार बसलेला नीट दिसत नाही. दिसतो तो पोराचा हात, त्यातून निसटणारा आईचा हात, आणि मग आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघणारं पोर. कुणी किंचाळत नाही, कुणी काही बोलत नाही.

दादाचं भाषांतर तिथं बंद पडलं.

पुढं पोराला साखळीनं एका भल्यामोठ्या चाकाला जुंपतात. माळरानावर ते चाक गोल गोल फिरत राहतं. सोबतची पोरं कमी होत जातात. पाय मोठे होतात, दंड मोठे होतात, शेवटी एकटाच उरतो, मान वर करतो आणि तो आर्नल्ड असतो. चाक कशासाठी फिरतंय हे सिनेमा सांगत नाही. आम्ही विचारलंही नाही. आबा म्हणाले, "घाण्याला जुंपलं की रं पोराला." तरुणपणी तालमीत गेलेला तो माणूस. मग आर्नल्डकडे निरखून म्हणाले, "अंग कमावलंय. लंगोटाचा पक्का हाय का बघू."

उत्तर लगेचच मिळालं. एका झोपडीत एक बाई भेटते, दोघं शेकोटीपाशी येतात, आणि दादानं झडप घालून कॅसेट पुढं पळवली. आम्ही दोघी मुली बसलो होतो ना. थांबवली तेव्हा कोनॅन झोपडीबाहेर होता, साखळीला बांधलेला एक उपाशी चोर त्याला भेटला आणि दोघं पळत सुटले. पळत कुठं चाललेत? माहीत नाही. पण ठाम चाललेत. चांगली दहा वर्षं माझ्या डोक्यात हा पिक्चर असाच होता: मधेच नायकाला आपोआप सगळं कळतं आणि तो दिशा धरून धावत सुटतो.

तर मुद्दा हा की, आयुष्यात मला पहिल्यांदा पूर्ण कळलेला इंग्रजी सिनेमा हा होता. इंग्रजी येत नसताना. शहरातल्या नात्यातली पोरं सुट्टीत यायची आणि इंग्रजी शब्द पेरून बोलायची. तेव्हा आपण दाराबाहेर उभे आहोत असं वाटायचं. या पिक्चरच्या दाराला कडीच नव्हती.

हे काही माझ्या बालबुद्धीचं कौतुक नाही. तो सिनेमा तसा बेतलाच होता हे मला नंतर धंद्यात पडल्यावर कळलं. दिग्दर्शक जॉन मिलियस, पटकथा त्याची आणि ऑलिव्हर स्टोनची. चित्रीकरण स्पेनमध्ये. निवेदन आणि बापाचं बोलणं संपलं की बराच वेळ संवाद जवळपास नाहीतच, सगळा भार बॅसिल पोलेडोरिसच्या संगीतावर. घोडेस्वार येतात तेव्हा जो समूहस्वर चढत जातो तो लॅटिनमध्ये आहे. म्हणजे अमेरिकेत तिकीट काढून बसलेल्यांनाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्या एका बाबतीत ते आणि आम्ही एकाच अंगणात बसलो होतो.

आणि खुद्द आर्नल्ड! ऑस्ट्रियातून आलेला, जड उच्चारांचा. १९७० साली त्याचा पहिला सिनेमा आला तेव्हा त्याचं इंग्रजी ऐकवेना म्हणून अख्खं बोलणं दुसऱ्याच्या आवाजात डब केलं होतं. 'कोनॅन'मध्ये त्याचा आवाज त्याचाच आहे, पण तो जपून वापरलाय. बराच वेळ तो तोंडच उघडत नाही. त्याच्या चोर मित्राची भूमिका करणारा गेरी लोपेझ हा मूळचा लाटांवर फळी चालवणारा खेळाडू, आणि त्याचं बोलणं दुसऱ्या नटानं डब केलंय. नायिका व्हॅलेरिया झालेली सँडल बर्गमन ही नर्तकी. तलवार ती पायांनी चालवते असं वाटतं. मुख्य पात्रांत बोलण्यात मुरलेला माणूस म्हणजे खलनायक झालेला जेम्स अर्ल जोन्स. आणि त्याचा सगळ्यात भयंकर प्रसंग? तो कड्यावर उभ्या असलेल्या एका मुलीकडे बघून हात पुढं करतो. ती हसत हसत खाली उडी टाकते. ताकद म्हणजे काय ते त्याला कोनॅनला दाखवायचं असतं. त्या प्रसंगात दोन-चार वाक्यं आहेत, ती मी नंतर ऐकली. १९८७ ला त्यांच्यावाचून काही अडलं नव्हतं.

मग चटक लागली. पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हिडिओ सेंटरवाल्याकडे होतं नव्हतं ते सगळं बघितलं. 'बीस्टमास्टर', तोही १९८२ चाच. त्यात नायक प्राण्यांशी नुसत्या नजरेनं बोलतो, म्हणजे आमची तर चंगळच. त्यातला काळा वाघ हा साधा पट्ट्यांचा वाघ काळा रंगवलेला होता. काही दृश्यांत तोंडापाशी रंग उतरलेला दिसतो आणि पट्टे डोकावतात. आम्हाला तेव्हाही दिसले होते. आमच्या गल्लीत मोहरमला पोटावर पट्टे ओढून वाघ नाचायचे, त्यामुळे रंगवलेला वाघ हा आमच्या लेखी खोटा वाघ नव्हताच. 'क्लॅश ऑफ द टायटन्स' १९८१ चा, बाहुल्या एकेक चौकट हलवून जिवंत करणाऱ्या रे हॅरीहाउसनचा शेवटचा सिनेमा. शेकोट्यांच्या उजेडात सरपटत येणारी त्याची मेदुसा मला अजून स्वप्नात येते, आणि ती अडखळत हलते म्हणूनच येते.

'क्रल' मात्र वेगळं प्रकरण. १९८३ चा. पाच पात्यांचं फिरतं शस्त्र त्यात आहे. आम्ही ते डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचं करायला गेलो आणि चुलत बहिणीच्या भुवईला दोन टाके पडले. त्यात एक एकाक्ष राक्षस आहे. उंच, मवाळ, सगळ्यांच्या मागं राहणारा. मला वाटायचं बिचारा कुरूप म्हणून दुःखी असेल. कॉलेजात पुन्हा पाहिला, इंग्रजी समजून पाहिला, तेव्हा खरी गोष्ट कळली. त्याच्या पूर्वजांनी भविष्य दिसावं म्हणून आपला एक डोळा सौद्यात दिला. सौदा करणाऱ्यानं फसवलं. भविष्य दिसतं, पण एकच: स्वतःच्या मरणाची घटका. शेवटी तो मिटत येणारे दगडी कडे दोन्ही हातांनी तोलून धरतो, बाकीचे आत जातात, आणि तो तिथंच चिरडला जातो. म्हणजे इथं मी भाषेविना खरंच काहीतरी हुकले होते. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर माझं सगळं म्हणणं "शब्द हवेत कशाला" असल्या थाटाचं होईल, आणि माझी तर पोळी शब्दांवर भाजते.

त्याच सुमारास पुण्यात एका मैत्रिणीच्या खोलीवर 'कोनॅन'ची चांगली कॅसेट मिळाली. न मुंग्या, न पट्टी. बाप डोंगरावर काय सांगतो ते पहिल्यांदा कळलं. तो सांगतो क्रॉम नावाच्या देवाबद्दल, पोलादाचं रहस्य चोरणाऱ्या राक्षसांबद्दल, आणि म्हणतो की माणसांवर, बायकांवर, जनावरांवर विश्वास ठेवू नको, ठेव तो फक्त या पोलादावर. मी पुन्हा मागं घेऊन ऐकलं. वाईट नाही. पण दादाचं "अडचण आली तरी विकायची न्हाई" मला अजूनही जास्त बसतं. लांबीलाही.

आणि झोपडीतली ती बाई! ती चेटकीण निघाली. तिनं त्याला सांगितलेलं असतं की तू शोधतोस ते तुला झमोरा नगरीत सापडेल. मग ती लांडग्यासारखी होते, तो तिला विस्तवात फेकतो, आणि ती आगीचा लोळ होऊन निघून जाते. आख्ख्या पिक्चरमधली दिशा सांगणारा एकुलता एक प्रसंग, आणि तोच दादानं पळवला होता. म्हणजे जिथं बोलणं खरोखर लागत होतं नेमकं तिथंच आम्ही बहिरे होतो, आणि तरीही काही बिघडलं नव्हतं. मी एकटीच हसत सुटले. मैत्रिणीला काय झालं ते कळेना.

या जातीच्या कथांना 'तलवार आणि चेटूक' अशा अर्थाचं इंग्रजी नाव लेखक फ्रिट्झ लायबरनं १९६१ साली दिलं. कोनॅन त्याच्या कितीतरी आधीचा. टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स या आडगावी बसून रॉबर्ट हॉवर्डनं १९३२ पासून त्या गोष्टी मासिकात छापून आणल्या आणि १९३६ साली, तिशीतच, तो गेला. त्याच्या कल्पित जगात भारताचीही एक सावली आहे. त्या देशाचं नाव वेंध्या, आणि तिथल्या राणीला 'देवी' म्हणतात. हे वाचल्यावर मला उगाच आपलं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. विंध्य पर्वत कुठे आणि क्रॉस प्लेन्स कुठे.

सगळंच गोड मानून घेत नाही मी. या सिनेमांत बायकांच्या अंगावर कापड कमी आणि शौर्य त्याहून कमी असतं. 'कोनॅन'मधली व्हॅलेरिया हा अपवाद, ती त्याच्यापेक्षा धीट आहे. १९८४ चा दुसरा भाग विनोद करायला जातो आणि पडतो. २०११ साली जेसन मोमोआला घेऊन नवा 'कोनॅन' आला, मी पहिल्या आठवड्यात गेले. निवेदन मॉर्गन फ्रीमनच्या आवाजात. सगळं स्वच्छ सांगितलेलं, जो तो उलगडून बोलणारा. मध्यंतरात मी मनातल्या मनात ओळी मोजत होते, म्हणजे मी कामावर होते.

गेल्या कोजागरीला गावी गेले होते. आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दादाचे केस पांढरे झालेत आणि मुलगी अकरावीला आहे, इंग्रजी माध्यमात. तिनं मला विचारलं, आत्या, तुझा आवडता पिक्चर लाव ना. लावला. बापाचं बोलणं तिनं सगळं ऐकलं. आई मेली तेव्हा तिनं मोबाइल उलटा ठेवला. चाक आलं. मान वर झाली. झोपडी आली, शेकोटी आली, आणि दादानं, बावन्न वर्षांच्या माणसानं, रिमोट उचलला.

थांबवलं तेव्हा दोघं माळावरून पळत होते.

"पप्पा, हे आता कुठं चाललेत?" पोरीनं विचारलं.

दादानं माझ्याकडे बघितलं. मी पातेल्याच्या तळातली चारोळी चमच्यानं काढत होते, काढत राहिले. त्यानं घसा खाकरला.