मेडिची क्रिप्टचं मॉडेल, अपडेट 6: भिंती एकदाच्या उभ्या राहिल्या

तीन आठवडे काही टाकलं नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच, भिंती उभ्याच राहत नव्हत्या. काल रात्री साडेअकराला आठवी भिंत बसली आणि मी टेबलासमोर नुसती बघत बसले थोडा वेळ.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी, इटलीतल्या फ्लोरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चच्या मागच्या बाजूला तिथल्या मेडिची या राज्यकर्त्या घराण्याचं मोठं चॅपल आहे, काप्पेल्ला देई प्रिंचिपी, आणि त्याच्या बरोबर खाली क्रिप्ट, म्हणजे घराण्याचं दफनाचं तळघर. मी हे दोन्ही मजले उभे कापल्यासारखे दिसतील असं मॉडेल करतेय, 1:100 मध्ये. खरा घुमट सुमारे 59 मीटर उंच, म्हणजे माझा 59 सेंमी, आतली रुंदी 28 मीटर म्हणजे 28 सेंमी. इमारत अष्टकोनी असल्यामुळे एक भिंत 11.6 सेंमी येते. कागदावर सोपं वाटतं.

आता चूक कुठे झाली ते सविस्तर लिहिते कारण अष्टकोनी मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला हे भोवणार आहे. दोन भिंतींमधला कोन 135 अंश, म्हणजे 5 मिमी सनबोर्डची (मॉडेलसाठी वापरतात तो हलका बोर्ड) प्रत्येक कड साडेबावीस अंशात तिरकी कापायची. मी कटरला लाकडी गाइड लावून कापत होते आणि तो गाइड 22 वर अडकत होता. अर्धाच अंश, डोळ्याला कळतही नाही, पण 16 कडा आहेत, 16 अर्धे म्हणजे 8 अंश, आणि ते सगळे येऊन साचतात शेवटच्या सांध्यात, तिथे मला जवळजवळ दोन सेंमीची फट मिळाली. दोनदा नव्याने कापलं, दोनदा तेच. शेवटी पद्धतच बदलली, आधी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) अष्टकोनी पाट कापून घेतला, त्यावर पेन्सिलने रेषा मारून भिंती एकेक करून त्या रेषांवर चिकटवल्या आणि सांध्यांची काळजीच सोडली, कारण खऱ्या चॅपलमध्येही कोपऱ्याकोपऱ्यात भिंतीला लागून मोठे चपटे खांब आहेत, ते लावले की सांधे झाकले जातात. हे आधीच सुचायला हवं होतं.

वरचा मजला उभा राहिल्यावर आतल्या सहा मोठ्या शवपेट्यांची जागा आखली. आठ बाजूंपैकी एक दाराची, एक वेदीची, राहिलेल्या सहांमध्ये सहा ग्रँड ड्यूक, म्हणजे घराण्यातले राज्यकर्ते: पहिला कोझिमो, फ्रान्चेस्को, फर्दिनांदो, दुसरा कोझिमो, दुसरा फर्दिनांदो आणि तिसरा कोझिमो. या पेट्या रिकाम्या आहेत, माणसं खाली क्रिप्टमध्ये आहेत, म्हणून तर मला दोन्ही मजले एकत्र दाखवायचेत. वर जाल तर डोळे दिपतात, रंगीत दगड, सोनेरी मुलामा, आणि खाली बुटके जाड खांब, कमानीचं साधं छत, जमिनीत नावं कोरलेल्या फरश्या. मी एकदाच गेले होते तिथे, म्युझियमचं दारच क्रिप्टमधून आहे त्यामुळे आधी मृतांच्या डोक्यावरून चालत जायचं आणि मग जिना चढून वैभव बघायचं. तो क्रम माझ्या डोक्यातून गेला नाही अजून.

सातवा आणि शेवटचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने, 1737 मध्ये गेला, त्याला वर पेटीच नाही. त्याची कबर 2004 मध्ये संशोधकांनी उघडली तेव्हा क्रिप्टच्या जमिनीतल्या संगमरवरी तबकडीखाली लपलेल्या पायऱ्या सापडल्या, खाली छोटी खोली, त्यात तो आणि सोबत लहान मुलांच्या शवपेट्या. त्या मुलांसाठी मी मॉडेलच्या तळाला एक चौकोनी खड्डा ठेवलाय, झाकण उचललं की दिसेल असा.

क्रिप्टचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते की या लोकांना मेल्यावरही कोणी शांत पडू दिलं नाही. 1791 मध्ये मेडिचींनंतर राज्यावर आलेल्या लोरेन घराण्याच्या ड्यूकने सगळ्या पेट्या खाली हलवल्या, 1857 मध्ये तपासणी झाली तेव्हा कळलं की कितीतरी पेट्या चोरांनी आधीच फोडल्यात, दागिने गेलेत. मग 1945 नंतर पुन्हा उकरून हाडं मोजली, 1966 च्या नोव्हेंबरमध्ये आर्नो नदीचा पूर. फ्रान्चेस्को आणि त्याची बायको बियांका काप्पेल्लो 1587 च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसाच्या अंतराने गेले, विष की मलेरिया हा वाद आजही चालू आहे, एका गटाला आर्सेनिक मिळालं, दुसऱ्याला फ्रान्चेस्कोच्या हाडात मलेरियाचा पुरावा. बियांका मात्र या क्रिप्टमध्ये नाही, दिराने घराण्यात जागाच दिली नाही तिला. माझ्या मॉडेलमध्ये नवऱ्याशेजारी एक कोरी फरशी ठेवणार आहे तिच्यासाठी. इतिहासाला धरून नाही हे मला माहीत आहे, तरी ठेवणार.

आता दगडाचं काम. चॅपलच्या भिंती कोम्मेस्सो पद्धतीच्या, म्हणजे आग्र्याला संगमरवरात खाच पाडून दगड बसवतात तसं नाही, इथे रंगीत दगडांच्या पातळ चकत्या एकमेकांना जिगसॉसारख्या जोडतात. चेस्टनटच्या वाकवलेल्या फांदीला लोखंडी तार बांधून, ओल्या कुरुंद पुडीने घासत घासत कापायचं, आणि कड खालच्या बाजूला किंचित आत घ्यायची म्हणजे वरून सांधा दिसत नाही. 1:100 मध्ये हे अशक्य, तिथे छापील कागदच लावणार. पण हाताला कळावं म्हणून वेगळा 10 सेंमीचा एक नमुना करतेय, मेडिचींच्या ढालीचा, म्हणजे त्यांच्या घराण्याच्या चिन्हाचा, कारण त्यावर सहा गोळे आहेत आणि गोल कापणं त्यातल्या त्यात बरं. पार्श्वभूमीला जैसलमेरचा पिवळा दगड, बाहेर काळा कडप्पा, दोन्ही मार्बलवाल्याकडे तुकड्यात फुकट मिळाले. पाच गोळे लाल, वरचा एक निळा, त्यासाठी जुन्या अंगठीतला लाजवर्द काढला. पहिला गोळा घासायला दोन संध्याकाळी गेल्या आणि खाचेत ठेवला तेव्हा एका बाजूला केसाएवढी फट, बाकी गच्च. त्या फटीवरून बोट फिरवताना फ्लोरेन्सच्या कारागिरांबद्दल जो आदर वाटला तो वाचून कधी वाटला नव्हता.

आणि इथेच मला गोवा भेटला. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो याच घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोने पाठवला, फोज्जिनी नावाच्या फ्लोरेन्सच्या शिल्पकाराने केलेला, त्यावर रंगीत दगड आणि ब्राँझचे चार कोरीव फलक. प्लाचिदो राम्पोनी नावाचा कारागीर खोक्यांसोबत जहाजाने आला आणि 1698 मध्ये त्याने तो उभा केला. लहानपणापासून कितीदा तरी त्या रांगेत उभी राहिले मी, वर पेटीकडे बघत, खालच्या दगडाकडे कधी लक्षच गेलं नाही. तिसऱ्या कोझिमोच्या स्वतःच्या घराण्याचं चॅपल 1604 पासून रखडलेलं होतं, तो 1723 मध्ये गेला तेव्हाही अपुरंच, मुलगी आन्ना मारिया लुइझा 1743 मध्ये मरेपर्यंत त्यात पैसे घालत राहिली, आणि आतली दगडी जमीन पूर्ण झाली कधी तर 1962 मध्ये. गोव्यातलं मात्र त्याच्या हयातीत पुरं झालं.

म्हणून प्लॅन थोडा वाढलाय. त्याच 1:100 मध्ये गोव्याचा चौथरा करून तिसऱ्या कोझिमोच्या कबरीसमोर, पाटाच्या बाहेर, वेगळ्या छोट्या फळीवर ठेवायचा. पुढच्या रविवारी क्रिप्टच्या कमानी, त्यासाठी पीओपीचा साचा करायचाय, उंची 5 सेंमी धरलीये. बारीक कमानी साच्यातून न तुटता काढायची युक्ती कोणाकडे असेल तर सांगा, व्हॅसलिन लावून बघितलं, कडा सुटतात पण टोकं मोडतात.