तुम्ही विचारलंत म्हणून: नागपुरात घर घेताना

मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-वसाहतीत, नोकरी लागली की पुण्या-मुंबईकडच्या ओळखीच्यांचा फोन येतोच. "बेसा, मनीषनगर, बेलतरोडीकडे फ्लॅट बघतोय. नागपूरचं ऊन सोसवेल का हो?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

ऊन आहेच. 23 मे 2013 ला इथं 47.9 अंशांची नोंद झाली होती. 2024 च्या मे अखेरीस रामदासपेठेत 56 अंश झाल्याची बातमी देशभर फिरली, पण तो सेन्सरचा बिघाड होता. पण ऊन सांगून येतं. 25 मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो; त्याच्या कितीतरी आधी घरोघरी कूलरच्या ताट्या, म्हणजे पाणी धरणाऱ्या जाळ्या, बदलून झालेल्या असतात. तुमच्यापुरतं एवढंच बघा की फ्लॅट अगदी वरच्या मजल्यावर नको आणि झोपायची खोली पश्चिमेला नको. तापलेली स्लॅब मध्यरात्र उलटली तरी धग सोडत असते. टिनाखाली राहणाऱ्यांचे हाल मात्र कुठल्याच युक्तीनं टळत नाहीत.

मला विचाराल तर आधी पावसात साचणाऱ्या पाण्याचं विचारा.

माझी मावशी अंबाझरी तलावाच्या खालच्या भागात राहते. 22 सप्टेंबर 2023 ला तिच्याकडे महालक्ष्म्यांचं, तुमच्याकडच्या गौरींचं, जेवण होतं. पाहुणे जेवून गेले, आवराआवर झाली, सगळे थकून झोपले. रात्री पाऊस सुरू झाला आणि चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त कोसळला. तलाव ओसंडला, नागनदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. मावशीला जाग आली ती पलंगाखाली भांडी एकमेकांवर आपटल्याच्या आवाजानं. लाईट गेलेले. काकांनी म्हाताऱ्या आजींना उचललं, मावशीनं महालक्ष्म्यांचे मुखवटे पदरात घेतले आणि सगळे जिन्यावर जाऊन बसले. सकाळी फ्रीज आडवा तरंगत होता. त्या रात्री शहरात माणसं गेली. लष्कराला बोलवावं लागलं. मावशीच्या घरात त्याआधी कधी पाणी शिरलं नव्हतं, म्हणूनच कुणी सावध नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बेसा तिथून लांब आहे. आहे. पण या बाजूचे बरेच ले-आऊट काल-परवापर्यंत शेतं होती. शेताला उतार असतो आणि उताराच्या शेवटी नाला. प्लॉट पाडताना नाला कधी वळवला जातो, कधी नुसता पाईपात घातला जातो. पाऊस मात्र जुनाच उतार धरून येतो. त्यात सिमेंटचे रस्ते. जुन्या रस्त्यावर थर चढत गेला आणि पुष्कळ घरांचं जोतं रस्त्याच्या खाली गेलं. अशा घरात नदी लागत नाही, तासभराचा पाऊस पुरतो. एकाच गल्लीत वरच्या टोकाचं घर कोरडं आणि खालच्या टोकाला गुडघाभर पाणी, हे मी दरवर्षी बघते.

म्हणून बिल्डरच्या माणसाबरोबर जाण्याआधी एकटे जा. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर विचारा, पाणी कुठवर येतं; तो हातानं दाखवेल. कंपाउंडच्या भिंतीवर ओल कुठवर चढली आहे ते बघा. गावाच्या जुन्या नकाशात नाला कुठून जातो तेही काढून बघा, मी हे आवर्जून सांगते. विजेचे मीटर तळघरात असतील तर ते वर घेणार का, हे लेखी घ्या. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी भरलं की ऑफिसला कुठून जाल, तो रस्ताही एकदा गाडीनं जाऊन बघा.

काळ्या मातीचंही विचारा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरक्या चिरा जातात. भूकंपाची भीती इथं कमी. 4 डिसेंबर 2024 ला तेलंगणातल्या मुलुगूचा धक्का इथं जाणवला, पंखे हलले, तेवढंच. विजा मात्र एप्रिल-मेच्या अवकाळीतही पडतात. आभाळ गडगडलं की पोरांना गच्चीवरून खाली बोलवा, फोनवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप ठेवा.

व्यवहार दसऱ्याला करा हवं तर. पण घर बघायला जुलैत या, रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळीच निघू. मी बरोबर येईन. आमच्याकडेच उतरा.