'रु'ची खोडी

रविवारी सकाळी आमच्या आठला योकोहामात साडेअकरा झालेले असतात. त्या वेळी नातीचा व्हिडिओ कॉल येतो. सध्या तिला शिरितोरीचं वेड आहे. म्हणजे आपल्या भेंड्याच, फक्त गाण्यांऐवजी शब्दांच्या. शेवट 'न्'वर झाला की हरलात, कारण 'न्'नं जपानी शब्द सुरूच होत नाही.

गेल्या रविवारी बाईसाहेबांनी डाव टाकला 'काएरु', म्हणजे बेडूक. मी म्हटलं 'रुसु', घरी नसणं. ती 'सुकूरु', म्हणजे आपलं स्कूल. पुन्हा रु! मी 'रुबी'. ती लगेच 'बीरु'. बीरु म्हणजे बिअर. वय वर्षं आठ! मागून जावयांचं खोकणं ऐकू आलं. मी घाईघाईत 'रुसुबान' म्हणून बसले आणि शेवटच्या 'न्'वर आडवी झाले. रुसुबान म्हणजे सगळे बाहेर गेल्यावर घर राखत बसणं. माझ्याकडून दुसरा कुठला शब्द निघणार होता म्हणा.

कॉल संपल्यावर क्लासच्या दिवसांतला शब्दकोश काढला. 'रु'ची पानं चिमूटभर. राकुदा म्हणजे उंट, रिंगो म्हणजे सफरचंद, रेइझोको म्हणजे फ्रिज. 'र'च्या घरातले असले शब्द एक तर चिनीतून आलेले किंवा चिनी तुकडे जोडून केलेले, उरलेले रेडिओ-रुबीसारखे पश्चिमेकडचे. अस्सल जपानी शब्दाच्या पोटात किंवा शेपटीला 'र' खुशाल येतो, हारु, सारु, साकुरा. उंबऱ्यावर मात्र उभा राहत नाही. आपल्या 'ळ'सारखंच की. बाळ, केळं, आभाळ, सगळीकडे ळ. पण भेंड्यांत 'ळ' आला की आपण मुकाट्यानं 'ल' देतो.

आपली रिक्षासुद्धा तिकडचीच. मूळ शब्द जिनरिकिशा: जिन माणूस, रिकी बळ, शा गाडी. तिन्ही तुकडे चिनी वळणाचे. बाहेरच्यांच्या तोंडात पुढचा 'जिन' गळाला आणि 'रि' दाराशी आला. पुण्यातल्या रिक्षातून तर बळही गेलं, उरलं मीटर. तेही टाकलं तर.

'प'ची गोष्ट मला जास्त आवडते. जपानी अक्षरांचा क्रम असा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आलेला क्रम आहे हा, म्हणून आपल्याला ओळखीचा वाटतो. क्लासमध्ये मी पहिल्याच दिवशी अडले होते. ना आणि मा यांच्यामध्ये हा कसा काय? आपल्याकडे 'न'नंतर 'प' येतो, मग फ-ब-भ आणि 'म'. तर तो 'हा' बसलाय 'प'च्याच पाटावर! फार जुन्या काळी तो 'प' होता, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आज 'हाना' म्हणतात ते फूल कधीकाळी 'पाना' असणार. पुढे ओठ सैल पडत गेले, 'प'चा 'फ' झाला आणि 'फ'चा 'ह'. त्यामुळे आता 'प'नं सुरू होणारा शब्द दिसला की तो बाहेरचा समजावा, नाही तर पिकापिका (लखलख) असला नादाचा. पाव तिकडे 'पान' झाला. दोघंही पोर्तुगीजांचे, आपला वडापावातला आणि त्यांचा.

असो. या रविवारी मी तयारीनं बसले होते. आठवडाभर एक शब्द फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवला होता. तिनं दुसऱ्याच फेरीत टाकला 'होतेरु', हॉटेल. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "रूरु." म्हणजे रूल, नियम. 'रु'नं सुरू, 'रु'वरच संपला.

पडद्यावर थोडा वेळ नुसता पंखा फिरत होता. मग आवाज आला, "आजी, झुरुई!"

झुरळातला झ. अर्थ: रडीचा डाव.